सुई हलत होती

गडबच्या बेंजो पार्टीत मी ढोल वाजवायचो, आणि कॅसेट भरताना निसीम वाकरूळकरने मला जन्मात कधी घरात बसून वाजवू दिलं नाय. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी चिडलो तर तुम्हांला नवल वाटायचं नाय. सगळी पार्टी माजघरात पंख्याखाली गादीवर, आणि मोरू कुठे? मोरू मागच्या पडवीत, सरपणाच्या शेजारी. ढोलावर गोधडी टाकलेली. वर हा माणूस दारातनं डोकं काढून सांगणार, "मोरू, अजून जरा मागे सरक." अरे, मागे कुठे सरकू? मागे विहीर होती!

त्याचंही चूक नव्हतं म्हणा. त्याच्याकडे सामान ते किती? दोन माइक, एक टेपरेकॉर्डर, कानाला लावायचे हेडफोन आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्याने स्वतः जोडलेलं मिक्सर. एक माइक गाणाऱ्याला, दुसरा बाकी सगळ्यांना मिळून. मग कुणाचा आवाज मोठा, कुणाचा बारीक, हे माणसं पुढेमागे बसवूनच जमवायचं. प्रविणचा बेंजो माइकला खेटून, खुळखुळेवाला उंबऱ्याशी आणि मी घराबाहेर. भिंतींना गाद्या उभ्या करायच्या, खिडक्यांना चादरी बांधायच्या. शेजारच्या भातगिरणीचा पट्टा दुपारी थांबला की मगच टेप सुरू करायचा. घामाच्या धारा लागायच्या. पण त्याने भरलेली कॅसेट वडखळ नाक्यावर टेम्पोत वाजायला लागली की लोक विचारायचे, मुंबईला जाऊन भरली काय रे? नाय बाबा. रोह्याला, नदीपलीकडच्या अष्टमी गावात, निसीमच्या माजघरात भरली.

निसीमचं रोह्याच्या बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तो बेने इस्रायली. आमच्याकडे त्या लोकांना शनवार तेली म्हणायचे, कारण पूर्वी त्यांचे तेलाचे घाणे असायचे आणि शनिवारी ते घाणा बंद ठेवायचे. निसीमच्या वेळेला घाणे राहिले नव्हते, पण शनिवार राहिला होता. त्या दिवशी तो दिव्याच्या बटणालाही हात लावायचा नाय. त्यांच्यातली बहुतेक घरं एकेक करून इस्रायलला गेली. त्याची बहीण रेचलही गेली. हा मागे राहिला आईपायी. आई घर सोडायला तयार नव्हती आणि हा आईला. लग्नाचं बोलणं काढलं की म्हणायचा, "मुलगी बघायला विमानाने जाऊ काय?" आणि हसायचा. हसायचा खरा, पण हसून झालं की लगेच समोरच्या रेडिओत डोकं घालायचा.

त्याची आई सारामावशी. आम्ही रेकॉर्डिंगला गेलो की तांदळाच्या भाकऱ्या आणि नारळाच्या दुधातली कोंबडी ठरलेली. मला पडवीत एकट्याला बसवलेलं बघून तिला वाईट वाटायचं. सगळ्यांच्या आधी मला गूळपाणी आणून द्यायची आणि हळूच म्हणायची, "लेकाला माझ्या कायतरी समज दे रे, तुझा ढोल मला आवडतो." बाकी कुणी म्हटलं नाय असं मला आजवर.

आता जगनचं सांगतो, कारण सगळं त्याच्यापायी झालं.

जगन माझ्याबरोबर मिठागरावर कामाला होता आणि आमच्या पार्टीत गायचा. आवाज गोड वगैरे नव्हता, उगाच कशाला सांगू. पण गडबपासून खांबपर्यंत ज्याच्या घरी पोरीची हळद, तो आधी जगनची तारीख विचारायचा, मग भटजीची. कारण जगन नवरीच्या बापाच्या तोंडचं गाणं गायचा. आदल्या दिवशी त्या घरी जाऊन बसायचा, चहा प्यायचा, पोर लहानपणी कशी होती ते विचारायचा, आणि हळदीला तेच सगळं गाण्यात घालायचा. पोरगी खाडीत पोहायला कुणाकडनं शिकली, कुठल्या बैलाला घाबरायची, बापाच्या ताटातली सुकी मासळी कशी पळवायची. बाप लोकांना बोलता कुठे येतं? ते खांबाला टेकून उभे असायचे आणि जगन त्यांच्या वतीने रडायचा. कितीतरी बापांचं गाणं गायला हा माणूस.

निसीम त्याच्याकडून रेकॉर्डिंगचं काही घेत नसे. त्याला कारण होतं. निसीमचे वडील गेले तेव्हा रोह्यात त्यांच्यातली खांदा द्यायला पुरेशी माणसंच नव्हती. पेणहून दोघंतिघं म्हातारे आले, ते स्वतःच काठी टेकत. जगन तेव्हा रेडिओ दुरुस्तीला टाकायला म्हणून गेलेला. त्याने बघितलं, तसाच गडबला परतला, आम्हा चौघांना मिठागरावरनं उचललं आणि घेऊन गेला. आम्ही खांदा दिला. त्यांच्या प्रार्थना आम्हांला येत नव्हत्या, पण चालता येत होतं. त्या दिवसापासून निसीमने जगनला भाऊ मानलं.

चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतर सारामावशी गेली. झोपेत गेली, कुणाला त्रास दिला नाय. निसीमने डोक्याला टोपी घातली आणि सुतक धरलं. त्यांच्यात आईबाप गेले की वर्षभर गाणंबजावणं ऐकायचं नाय. आजकाल कोण एवढं पाळतं? पण हा पाळायला लागला. दुकानात रेडिओ तपासताना गाणं लागलं की पट्कन काटा फिरवून बातम्या लावायचा. बाजारात लग्नाची वरात आली की शटर ओढून आत बसायचा. आम्हांला म्हणाला, "वर्षभर कॅसेट नाय. दुसरीकडे भरायची तर भरा." आम्ही थांबू म्हटलं. वर्ष काय, बघता बघता जातं.

पण फेब्रुवारीत जगनच्या घशाचं निघालं. आवाज बसला तो सुटेना. पेणच्या डॉक्टरने मुंबईला पाठवलं. तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या आणि त्यांनी सांगितलं, आवाजाची पेटी काढावी लागेल. जगायचं असेल तर. मार्चमधली तारीख दिली.

जगनची एकुलती एक लेक नमिता. तिचं लग्न ठरलं होतं, वैशाखात. आलं ध्यानात? दुनियेच्या पोरींची हळद गायलेला हा माणूस, आणि स्वतःच्या पोरीच्या हळदीला त्याच्या घशात आवाज असणार नव्हता. घरी आल्यावर त्याने जेवणसुद्धा केलं नाय, मला घेऊन थेट मिठागराच्या बांधावर गेला. बोलताना त्याचा आवाज फाटत होता. "पेटी काढू देत मोरू, माझी ना नाय. पन त्याच्या आधी नमिचं गानं भरून ठेवायचं. हळदीला माजा आवाज वाजला पायजे." मी म्हटलं, वाजेल की. एवढंच बोललो आणि तोंड फिरवलं, मला रडायला येत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही रोह्याला गेलो. निसीम दुकानात एक ट्रान्झिस्टर उघडून बसला होता. जगनने त्याला सगळं सांगितलं. निसीमच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला.

"आईचं वर्ष दिवाळीनंतर सरतं रे," तो म्हणाला.

"माजी तारीख दिवाळीपर्यंत थांबायची नाय."

निसीमने दुकान तसंच टाकलं आणि पेणची एस.टी. पकडली. पेणला एलियाहकाका म्हणून त्यांच्यातले वयस्कर गृहस्थ होते. त्यांच्या देवळाला ते लोक मशीदच म्हणतात, तिथली प्रार्थना काका चालवायचे. त्यांना विचारून हा संध्याकाळी परस्पर गडबला जगनच्या घरी आला. आम्ही वाट बघतच होतो.

"काका म्हणतात, पोटापाण्याचं काम असेल तर दोष नाय," निसीम म्हणाला. "गिऱ्हाइकाचं काम म्हणून ऐकलं तर चालतं."

"मग झालं की!" मी म्हटलं.

"काय झालं? जगन माझं गिऱ्हाईक हाय?"

"एक दिवस होईल गिऱ्हाईक. घे मजुरी आणि ऐक."

जगनने लगेच खिशात हात घातला. निसीमने तो हात वरच्यावर धरला. "ज्याने माझ्या बापाला खांदा दिला त्याच्याकडून मजुरी घेऊ? आणि ती पण कशाला, देवाला दाखवायला? नाय जमणार मला."

माझं डोकंच फिरलं. समोर माणसाचा घसा कापायला निघालेत आणि हा नियम सांगतोय! "मग बस तुझं सुतक उरावर घेऊन," असं मी तोंडावर बोललो. जगनची बायको हौसा चुलीपाशी होती, ती उठून आली. "मोरूभावजी, गप ऱ्हावा. त्यांची आई मेलीय."

निसीम मान खाली घालून बसला होता. मग म्हणाला, "मी भरणार नाय असं कुठे म्हटलं? भरणार. ऐकणार नाय, पण भरणार. कानात बोळे घालतो आणि सुई बघून भरतो."

ही सुई म्हणजे टेपरेकॉर्डरच्या तोंडावर काचेआड एक काटा होता तो. आवाज आत गेला की काटा उठायचा, आवाज वाढला की लाल पट्ट्याकडे धावायचा. निसीमला त्या काट्याची भाषा पाठ होती. मी म्हटलं, निदान दुसऱ्या कुणाला, प्रविणच्या भावाला म्हण, हेडफोन लावून बसव. तर म्हणाला, "त्याच्या कानाला काय कळणार? इतकी वर्षं मी ही सुई बघतोय. ती खोटं बोलत नाय." कामाच्या बाबतीत त्याला तोरा होता, तेवढा एकच.

रेकॉर्डिंग जगनच्या घरी ठरलं, कारण सुतकात अष्टमीच्या घरात वाजवायचं नव्हतं. प्रविण धाटावच्या कंपनीत होता, त्याने शिफ्ट बदलून घेतली. नमिताला मामाकडे खांबला पाठवली. जगनच्या मनाने घेतलेलं की पोरीच्या कानावर हे गाणं हळद लागायच्या आधी पडता नये. "तवाच ऐकायचं, सगल्यांनी. आदी कोन वाजवाल तर बगा," म्हणाला.

निसीम सगळं सामान घेऊन एस.टी.ने आला. गाद्या लावल्या, चादरी बांधल्या, माणसं बसवली. मला कुठे बसवलं ते विचारू नका. गोठ्यात. म्हैस बाहेर आणि मी आत. मग त्याने कापसाचे मोठे बोळे कानात कोंबले, वरनं मफलर घट्ट बांधला आणि टेपसमोर मांडी घातली. आमच्याकडे पाठ, नजर सुईवर. हात वर केला की सुरू, हात खाली आला की बंद.

पार्टी सुरू झाली आणि जगन गायला. बोलताना फाटणारा तो आवाज कुठनं आला त्याचं त्याला माहीत. मी गोठ्याच्या फटीतनं बघत होतो. त्याने नमिताचा जन्म गायला, भरतीच्या पाण्यात पहिल्यांदा तिला पोहायला सोडली ते गायला, मिठाच्या राशीवर चढून बसायची ते गायला. आणि मग आलं,

नमे गो, तुजा बापूस मिठाचा,
पान्यात इरघळून जायाचा.

हौसावहिनी पदर तोंडात घालून भिंतीकडे वळली. प्रविणच्या बेंजोवर टपटप पाणी पडत होतं, तरी बोटं थांबली नाहीत. ढोल वाजवताना मला पुढचं दिसत नव्हतं. त्या घरात डोळे कोरडे असलेला एकच माणूस होता, निसीम. तो सुई बघत होता आणि सुई छान नाचत होती. गाणं संपलं तेव्हा वळून त्याने जगनकडे बघितलं, अंगठा वर केला आणि हसला.

जगन खाली बसला. त्यानंतर त्याला बोलताही आलं नाय. आमच्यातल्या कुणीतरी म्हटलं, एकदा लावून बघू या का? जगनने हातानेच नको म्हटलं. हळदीलाच. निसीमने कॅसेट डबीत घातली, डबी रुमालात बांधली आणि छातीशी खिशात ठेवली. "माझ्या कपाटात राहील, काळजी नको," म्हणाला. दुसऱ्या दिवशी जगन मुंबईला गेला आणि परत आला तो गळ्याला पांढरी पट्टी बांधून. पट्टीआड भोक होतं, त्यातनं श्वास घ्यायचा. बोलायचं असलं की हात हलवायचा किंवा ओठ. ओठ हलवायचा पण वारा तेवढा यायचा.

तरी माणूस खुशीत होता, खरं सांगतो. लग्नाची तयारी त्याने उभ्याने केली. कुणी त्याच्या गळ्याकडे बघून हळहळलं की तो खिशाकडे बोट दाखवायचा आणि रोह्याच्या दिशेने हात करायचा. म्हणजे काय, तर आवाज निसीमच्या कपाटात आहे. हे सगळ्या गावाला माहीत झालं होतं. पोरंसुद्धा विचारायची, जगनकाकाचा आवाज कधी येणार?

हळदीच्या संध्याकाळी निसीम आला. सुतकातला माणूस, खरं तर त्याने मांडवात पाऊल टाकायचं नव्हतं. पण यंत्र दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला तो तयार नव्हता. कानात बोळे, वर मफलर, वैशाखाच्या उकाड्यात! बायका हसायला लागल्या. तो मांडवाच्या कोपऱ्यात पाठमोरा बसला, टेप बॉक्सला, म्हणजे मोठ्या स्पीकरला, जोडला आणि मान वळवून जगनकडे बघितलं. नमिता पाटावर बसलेली, गालांना हळद. जगन तिच्या शेजारी. हौसावहिनीने जगनच्या अंगावर नवा सदरा घातला होता. जगनने हात वर केला. निसीमने बटण दाबलं.

आधी माझा ढोल आला, मग बेंजो. लोकांनी टाळ्या पिटल्या. मी म्हटलं, व्वा, काय भरलंय! आता जगनचा आवाज येणार. त्याची जागा आली आणि गेली. बेंजो वाजतोय, ढोल वाजतोय, खुळखुळे वाजतायत. आवाज नाय. मला वाटलं माझंच चुकलं, दुसऱ्या फेरीला असेल. दुसरी फेरी आली. नाय. प्रविणने माझ्याकडे बघितलं, त्याचा चेहरा पांढराफटक. नाचणारी माणसं एकेक करून थांबली. सगळे बॉक्सकडे बघायला लागले, मग निसीमच्या पाठीकडे.

आणि निसीम? त्याला काय माहीत! तो सुई बघत बसलेला. सुई हलत होती. नुसती नाचत होती. त्याने मान वळवली, मांडवभर बघितलं. सगळे गप्प उभे, काहींच्या डोळ्यांत पाणी. त्याला वाटलं गाणं ऐकून. त्याने जगनकडे बघून अंगठा वर केला.

मला राहवलं नाय. धावत गेलो, त्याचा मफलर ओढला आणि कानातला बोळा उपटून काढला. "ऐक!" मी ओरडलो. "ऐक आता! कुठे हाय जगन?"

त्याने ऐकलं. पहिल्यांदा त्याला कळेना. मग दुसऱ्या कानातला बोळा त्याने स्वतः काढला आणि बॉक्सपाशी कान नेला. त्या क्षणी त्याचा झाला तसा चेहरा मी दुश्मनाचासुद्धा बघू इच्छीत नाय. गाणं भरताना गाणाऱ्याचा माइक मेलेला होता. काट्याला काय, बेंजो असला तरी हलायचं, ढोल असला तरी हलायचं. कुणाचा आवाज हे त्याला कुठे कळतं? ते कानाला कळतं.

निसीमने आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. बॉक्स खरखरायला लागला. आणि बेंजो जिथे दम घ्यायला थांबतो, तिथे खालनं, लांबनं, जगन ऐकू आला. दुसऱ्या माइकमध्ये जेवढा निसटून गेला होता तेवढा. खाडीपलीकडनं कुणीतरी हाक मारावी तसा. शब्द कळत नव्हता, नुसता सूर. पुन्हा ढोल आला की बुडायचा. माझाच ढोल. गोठ्यात बसवूनसुद्धा तो वर येत होता, त्याला मी काय करू?

जगन उठला. मला वाटलं आता निसीमला मारतो. त्याने नमिताला हाताला धरून पाटावरनं उठवलं, बॉक्सपाशी नेलं आणि तिचा हळद लागलेला गाल बॉक्सच्या जाळीला टेकवला. स्वतः तिच्यासमोर उकिडवा बसला आणि गाण्याबरोबर ओठ हलवायला लागला. एकेक शब्द. पोरगी बापाच्या ओठांकडे बघत होती आणि कान बॉक्सला. तिला किती कळलं असेल? ती म्हणते सगळं कळलं. म्हणू दे. कॅसेट संपली तेव्हा हौसावहिनी मोठ्याने रडली आणि मग सगळ्याच बायका रडल्या.

निसीम कधी उठून गेला ते कुणाला दिसलं नाय. सामान तिथेच टाकून गेला.

नंतर कळलं, माइकच्या वायरचा आतला सोल्डरचा टाका तुटला होता. बाहेरून वायर धडधाकट. एस.टी.च्या धक्क्यांनी तुटला असेल. ज्याने आयुष्यभर लोकांचे टाके जोडले त्याचा स्वतःचा टाका तुटला, आणि हेडफोन लावला असता तर पहिल्या ओळीला कळलं असतं. मी किती दिवस त्याला शिव्या घातल्या असतील! पण त्याला शिव्या घालून झाल्या की वाटायचं, कुणाला घालतोय? त्याचं तर दोन्हीकडनं गेलं. आईचं वर्ष मांडवात मोडलं, मोडलं ते मोडलंच. आणि ज्याच्यासाठी एवढं केलं त्याचा आवाजही हाताला लागला नाय.

पुढचे महिने तो त्या कॅसेटच्या मागे लागला. एकावरनं दुसरी, दुसरीवरनं तिसरी, खालचे सूर कापून बघ, वरचे वाढवून बघ. दर रविवारी गडबला नवी कॅसेट घेऊन यायचा. जगन त्याच्यासमोर बसून ती ऐकायचा आणि बरी आहे म्हणून मान हलवायचा. बरी कसली? खरखर तेवढी वाढायची. पण जगन मान हलवायचा आणि त्याला चहा पाजल्याशिवाय सोडायचा नाय. गणपती गेले आणि त्यापाठोपाठ जगनही गेला. दुखणं दुसरीकडे पसरलं होतं. खांद्याला निसीम पुढे होता, शेवटपर्यंत त्याने खांदा बदलला नाय.

दिवसकार्य झाल्यावर तो हौसावहिनीसमोर येऊन बसला. "वहिनी, मला काय ते बोला," म्हणाला. वहिनी म्हणाली, "तुमी आईसाटी कान बंद केलंव, भावजी. तुमाला काय बोलू? पन माज्या घरात आता त्यांचा आवाज नाय, येवडं खरं हाय." तिने खोटं सांत्वन केलं नाय, आणि ते बरंच केलं. निसीम उठला, तिच्या पाया पडला. तो वयाने तिच्याहून मोठा होता.

त्यानंतर त्याने एकही कॅसेट भरली नाय. पार्ट्या यायच्या, अगदी श्रीवर्धनहून यायच्या. तो सांगायचा, माझ्या कानात दोष आहे. दुकान हळूहळू बसलं. अठ्ठ्याण्णव साली रेचलने कागदपत्रं पाठवली आणि हा इस्रायलला जायला निघाला. मला कळलं तेव्हा मी वडखळला त्याची गाडी गाठली. गाडी चहाला थांबली होती, तो खाली उतरला होता. केस पांढरे झालेले. आम्ही टपरीवर चहा घेतला. मला वाटलं होतं मुकाट्याने निरोप द्यावा, पण स्वभाव कुठे जातो? इतकी वर्षं मनात होतं ते विचारलंच. "खरं सांग निसीम. एक गाणं ऐकलं असतंस तर तुझी आई रागावली असती? सारामावशी? ती तर तुला म्हणाली असती, ऐक बाबा."

"म्हणाली असती," तो म्हणाला.

"मग?"

त्याने कप खाली ठेवला. "तुमचं रेकॉर्डिंग चालू असायचं ना, तेव्हा ती आतनं हाक मारायची. निसीम, पोरांना जेवायला बसव. निसीम, पाणी भरून घे, नळ जाईल. नेमकं गाणं रंगात आलं की. मी वैतागायचो. टेप मागे घ्यायचो आणि तिच्या आवाजावर पुन्हा तुमचं गाणं भरायचो. किती वेळा पुसली मी तिला, मोरू. ती गेली तेव्हा घर कॅसेटींनी भरलेलं, आणि त्यात तिचा एक शब्द नाय. मग वर्षभर दुसऱ्या कुणाचा गाता आवाज कानात घ्यायचा नाय, एवढंच मला तिला देता येत होतं."

ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी त्याची बॅग वर चढवून दिली आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभा राहिलो. सारामावशीच्या त्या हाका तेव्हा माझ्या कानात लख्ख होत्या, अगदी तिच्या आवाजात. आता कितीही आठवून बघितलं तरी शब्द आठवतात, आवाज येत नाय.